थॅम्नोटॉक्सकिट एफ : हिरव्या तवंगासाठी हे किट घेण्याआधी

तलावावर हिरवा तवंग चढला की प्रयोगशाळेच्या टेबलावर दोन निरनिराळे प्रश्न येतात. पाणीपुरवठा विभाग विचारतो, हे पाणी प्यायला चालेल का? मत्स्यव्यवसाय किंवा पर्यावरण विभाग विचारतो, या तवंगात पाण्यातल्या बारीक प्राण्यांना मारणारं काही आहे का? बेल्जियममधल्या गेंटच्या मायक्रोबायोटेस्ट्स कंपनीचं थॅम्नोटॉक्सकिट एफ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतं, आणि चोख देतं. पहिल्या प्रश्नासाठी ते घेतलं तर पैसे तर जातीलच, वर खोटा दिलासा पदरात पडेल.

किटमागची कल्पना गेंट विद्यापीठातले गुइडो पर्सोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. विषचाचणीसाठी प्राणी वर्षभर पाळत बसायचे नाहीत, त्यांची सुप्त अंडी नळीत भरून ठेवायची आणि हवी तेव्हा उबवायची. थॅम्नोटॉक्सकिटमधला प्राणी आहे थॅम्नोसेफॅलस प्लॅट्युरस, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या तात्पुरत्या डबक्यांत राहणारा फेअरी श्रिम्प, कोळंबीचा बारीकसा नातेवाईक. डबकं आटलं की याची अंडी मातीत कोरडी पडून राहतात आणि पाऊस झाला की फुटतात. आपल्याकडे सह्याद्रीच्या सड्यांवरच्या कातळी डबक्यांतही याच गणातले प्राणी सापडतात; स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस ही जात २०१४ साली तिथूनच नोंदली गेली. थॅम्नोसेफॅलसच्या चाचणीसाठी आयएसओ १४३८० हे २०११चं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यामुळे अहवालात पद्धत म्हणून काय लिहायचं हा प्रश्न उरत नाही.

आधी हे स्पष्ट करू की तवंगासाठी डॅफ्निया या पाणपिसवेचं किट का नको. त्याच कंपनीचं डॅफ्टॉक्सकिट एफ मॅग्ना जास्त प्रसिद्ध आहे आणि कारखान्याच्या सांडपाण्यासाठी ते उत्तमच आहे. पण हा तवंग बनवणाऱ्या सायनोबॅक्टेरियाच्या, म्हणजे नील-हरित जिवाणूंच्या, विषांपुढे डॅफ्नियाची तीव्र चाचणी बोथट पडते. मायक्रोसिस्टिन-एलआर हे या विषांतलं सर्वांत चर्चेतलं. सात अमिनो आम्लांचं कडं असलेला हा रेणू पेशीतली प्रोटीन फॉस्फटेज १ आणि २ए ही विकरं बंद पाडतो. डिमॉट, झांग आणि कारमायकेल यांनी १९९१ साली पाण्यात विरघळवलेल्या मायक्रोसिस्टिन-एलआरचा ४८ तासांचा एलसी५० काढला. म्हणजे निम्मे प्राणी ज्या प्रमाणात मरतात ते प्रमाण. डॅफ्निया प्युलेक्ससाठी ते लिटरला ९.६ मिलिग्रॅम, डॅफ्निया हायलिनासाठी ११.६ आणि डॅफ्निया प्युलिकॅरियासाठी २१.४ आलं. डायॅप्टोमस बर्जी या कोपेपॉड गटातल्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यासाठी मात्र ०.४५ ते १ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा आहे लिटरला १ मायक्रोग्रॅम. म्हणजे माणसासाठी धोक्याची खूण आणि डॅफ्निया मरण्याची पातळी यांत जवळपास दहा हजार पट अंतर पडतं. पाण्यात डॅफ्निया मजेत पोहतायत म्हणून नळाचं पाणी सुरक्षित ठरवणं किती चुकीचं, ते या आकड्यांवरून कळतं.

थॅम्नोसेफॅलसची पिल्लं सायनोबॅक्टेरियाच्या अर्काला बऱ्यापैकी लवकर बळी पडतात. बुडापेस्टच्या आंद्रेआ त्योरोक्ने यांनी १९९०च्या दशकातच तवंगाच्या नियमित तपासणीसाठी हे किट सुचवलं होतं. झुरिकच्या तलावातल्या प्लँक्टोथ्रिक्स रुबेसेन्स या सायनोबॅक्टेरियावर काम करणाऱ्या स्विस गटानंही हाच प्राणी वापरला. आणि इथे किटचा खरा फायदा आहे. तवंगात एकटं मायक्रोसिस्टिन कधीच नसतं. सायनोपेप्टोलिन १०२० नावाचा, मायक्रोसिस्टिस या सायनोबॅक्टेरियामधला पेप्टाइड थॅम्नोसेफॅलसला ८.८ मायक्रोमोलर, म्हणजे लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम प्रमाणात मारतो. प्लँक्टोथ्रिक्समधला एरुजिनोसिन ८२८एसुद्धा विषारी निघाला. मायक्रोविरिडिन-जे हा पेप्टाइड डॅफ्नियाची कात टाकण्याची क्रिया बिघडवतो. प्राणी जुन्या कवचात अडकून मरतो. यांतला एकही रेणू मायक्रोसिस्टिन प्रतिपिंडांनी मोजणाऱ्या एलायझा किटला दिसत नाही. एलायझा स्वच्छ आणि पिल्लं मेलेली, असा निकाल आला तर लगेच किटला दोष देऊ नये.

किटमध्ये काय येतं

पूर्ण संचात सहा चाचण्यांचं साहित्य असतं : अंड्यांच्या नळ्या, क्षारांच्या संपृक्त द्रावणाच्या कुप्या, उबवणीच्या पेट्री डिश, २४ खळग्यांच्या प्लेट, पॅराफिल्मच्या पट्ट्या, पिपेट आणि पायरीपायरीची पुस्तिका. पुस्तिका नीट लिहिलेली आहे, चित्रं स्पष्ट आहेत. जे येत नाही ते आपल्याकडे हवं : १०पट मोठं दाखवणारा स्टिरिओ मायक्रोस्कोप, २५ अंशांवर स्थिर राहणारा इन्क्युबेटर, लक्समीटर, पीएच आणि विद्राव्य ऑक्सिजनचे मीटर, डीआयोनाइज्ड पाणी.

इन्क्युबेटरबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. आपल्या बहुतेक प्रयोगशाळांत जो बीओडी (जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी) मोजायचा इन्क्युबेटर असतो तो २७ अंशांवर लावलेला असतो, कारण आपल्याकडे बीओडी तीन दिवस २७ अंशांवर करतात. तो तसाच वापरू नये. २५वर आणून आधी रात्रभर स्थिर होऊ द्यावा. आत दिवा नसतो, आणि उबवणीला ३००० ते ४००० लक्स प्रकाश लागतो. एलईडी पट्टी चिकटवली की काम होतं, पण पट्टी डिशच्या अगदी वर असेल तर डिशमधलं पाणी इन्क्युबेटरच्या आकड्यापेक्षा दोन-तीन अंश गरम निघतं. म्हणून थर्मामीटर हवेत टांगू नये, डिशशेजारी ठेवलेल्या पाण्याच्या दुसऱ्या डिशमध्ये बुडवावा. लक्सही डिशच्या उंचीवरच मोजावेत. रात्री वीज जाणाऱ्या भागात यूपीएस नसेल तर उबवणीचा दिवस फुकट जातो.

उबवणी

प्रमाणित गोडं पाणी कुप्यांतल्या द्रावणांपासून बनवायचं. हे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या मध्यम कठीण पाण्याच्या सूत्राचं असतं : लिटरला सोडियम बायकार्बोनेट ९६ मिलिग्रॅम, कॅल्शियम सल्फेट डायहायड्रेट ६०, मॅग्नेशियम सल्फेट ६०, पोटॅशियम क्लोराइड ४. कुप्या संपल्या तर घरीच तोलून बनवता येतं. फक्त कॅल्शियम सल्फेट सावकाश विरघळतं, ते आधी वेगळ्या पाण्यात ढवळत ठेवावं. तळाशी पांढरा गाळ राहिलेलं पाणी वापरू नये. पाणी बनवल्यावर किमान १५ मिनिटं हवा सोडायची.

उबवणीसाठी हेच पाणी एक भाग आणि डीआयोनाइज्ड पाणी सात भाग असं विरल करायचं. नवखे लोक हमखास इथेच चुकतात. पूर्ण ताकदीचं पाणी घातलं की अंडी कमी फुटतात आणि उशिरा फुटतात. कारण साधं आहे : ही अंडी पावसाच्या जवळजवळ क्षारहीन पाण्याची वाट पाहणारी आहेत. नळीत विरल पाणी १ मिलिलिटर घालून अर्धा तास मधूनमधून हलवत भिजवायची, मग डिशमध्ये रिकामी करायची. नळीच्या भिंतीला चिकटलेली अंडी दोन-तीनदा धुऊन काढावी, नाहीतर पाव भाग नळीतच राहतो. २५ अंश, प्रकाश, २० ते २२ तास.

हा वेळ पाळणं महत्त्वाचं. चाचणीला दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेतली पिल्लं लागतात. १८ तासांनी उघडलं तर बरीच पिल्लं नुकती फुटलेली, नारिंगी, जेमतेम वळवळणारी असतात. २६ तासांनी उघडलं तर भुकेली आणि संवेदनशीलता बदललेली. दुपारी दोनला उबवायला ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला सुरुवात, हे वेळापत्रक नोकरीच्या तासांत बसतं. ‘चोवीस तासांत निकाल’ या जाहिरातीत उबवणीचा दिवस धरलेला नाही, हेही लक्षात ठेवावं. नमुना हातात आल्यापासून अहवालापर्यंत दोन पूर्ण दिवस जातात.

नमुना : निकाल इथेच ठरतो

या किटबद्दलच्या बहुतेक तक्रारी नमुना नीट तयार न केल्यामुळे उभ्या राहतात. मायक्रोसिस्टिन जिवंत तवंगात मुख्यतः पेशींच्या आत असतं. ताजं हिरवं पाणी गाळून खळग्यांत घातलं तर पिल्लं दुसऱ्या दिवशी सकाळी आरामात पोहताना दिसतील आणि अहवालात ‘विषारी नाही’ असं लिहिलं जाईल. त्याच तवंगाच्या पेशी आठवड्याभरात फुटल्या की विष पाण्यात येतं.

म्हणून प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करावेत. पहिला भाग काचतंतूच्या जीएफ/सी फिल्टरमधून, म्हणजे १.२ मायक्रॉनमधून गाळलेला; तो पाण्यात आधीच विरघळलेलं विष दाखवतो. दुसरा भाग पेशी फोडलेला. फोडण्यासाठी उणे २० अंशांवर पूर्ण गोठवायचा आणि ३५ अंशांपर्यंतच्या कोमट पाण्यात वितळवायचा, असं तीनदा. बाटली अर्धीच भरावी, नाहीतर फुटते. मधोमध बर्फाचा गोळा शिल्लक असताना पुन्हा फ्रीजरमध्ये ढकललं तर ते चक्र धरायचं नाही. तीन चक्रांनंतर एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघावा. मायक्रोसिस्टिसच्या वसाहती अजून गच्च, हिरव्या आणि अखंड दिसत असतील तर चौथं चक्र द्यावं. मग अपकेंद्री यंत्रात फिरवून वरचं पाणी घ्यावं आणि त्याच दिवशी चाचणी लावावी. फुटलेल्या पेशींचा अर्क म्हणजे जिवाणूंना मेजवानी. रात्रभर ठेवला की ऑक्सिजन खाली जातो, अमोनिया वर जातो.

या गोठवण्याचा एक फायदा असा की उबवणीचा दिवस वाया जात नाही. नमुना गोठतोय तोवर अंडी फुटतात.

बाटली तपकिरी काचेची असावी. मायक्रोसिस्टिन पॉलिप्रॉपिलिनच्या भिंतींना चिकटतं, त्यामुळे स्वस्त प्लॅस्टिकच्या नळ्यांत साठवलेला अर्क हळूहळू सौम्य होत जातो. तवंग आणि त्याखालचं पाणी वेगळ्या बाटल्यांत घ्यावं; पोटात वायूच्या पिशव्या असलेल्या पेशी वारा पडलेल्या सकाळी वर येऊन साचतात, तेव्हा वरच्या सायीतलं आणि हातभर खालचं प्रमाण यांत मोठा फरक असतो. शिवाय ठरावीक पाणी आधी तोललेल्या फिल्टरवर गाळून १०५ अंशांवर सुकवावं. निकाल ‘मिलिलिटरला इतके मिलिग्रॅम कोरडं वजन’ असा लिहिला तरच दोन तलावांची, दोन महिन्यांची तुलना होते. नुसत्या टक्क्यांतल्या एलसी५०ला तवंगाच्या बाबतीत फारसा अर्थ नाही, कारण तो तवंग किती दाट गोळा केला यावर अवलंबून असतो.

तवंग पातळ असेल तर ७५ टक्के मिथेनॉलनं अर्क काढून, मिथेनॉल उडवून, उरलेलं प्रमाणित पाण्यात घ्यावं. खळग्यात मिथेनॉल १ टक्क्याच्या वर राहू नये आणि तेवढंच मिथेनॉल घातलेला वेगळा कंट्रोल हवाच. अर्क डीआयोनाइज्ड पाण्यात घेऊ नये. क्षार नसलेल्या पाण्यातही पिल्लं मरतात, आणि मग विषानं मेली की पाण्यानं, हे सांगता येत नाही.

प्लेट लावणं आणि वाचणं

२४ खळग्यांत सहा उभे रकाने : एक कंट्रोल, पाच विरलनं. १००, ५०, २५, १२.५ आणि ६.२५ टक्के ही मालिका तवंगासाठी ठीक. प्रत्येक रकान्यात तीन खळगे चाचणीचे, एक पिल्लं धुण्याचा. दर चाचणी-खळग्यात १ मिलिलिटर पाणी आणि १० पिल्लं, म्हणजे एका प्लेटला १८०. धुण्याचा खळगा वगळू नये. डिशमधलं विरल पाणी पिपेटबरोबर येतं आणि १ मिलिलिटरच्या खळग्यात त्याचाही फरक पडतो. कंट्रोलपासून सुरू करून जास्त तीव्रतेकडे जावं, उलट नाही. पिल्लू पिपेटमधून सोडताना टोक पाण्यात बुडवावं. वरून टपकवलं की काही पिल्लं पृष्ठभागावर अडकतात आणि ती विषानं मेलेली समजली जातात.

पॅराफिल्म, वर झाकण, २५ अंश, अंधार, २४ तास. मग मोजणी. १० सेकंद पाहूनही जराशी हालचाल नसेल ते पिल्लू मेलेलं. दाट अर्कात हिरवा रंग अडचणीचा ठरतो. प्लेटखाली काळा कागद आणि बाजूनं प्रकाश दिला की पाय हलताना दिसतात. कंट्रोलमध्ये १० टक्क्यांहून जास्त, म्हणजे ३०पैकी तिघांहून जास्त मेली तर चाचणी रद्द. तिथे ‘थोडक्यात हुकलं’ म्हणून आकडे दुरुस्त करत बसू नये.

१०० टक्क्यांत सगळी मेली, ५०मध्ये एकही नाही, असा कडेलोट निकाल आला तर एलसी५० काढायच्या प्रोबिट या सांख्यिकी पद्धतीला काही धरता येत नाही. दोन्हींचा भूमितीय मध्य, ७०.७, लिहावा किंवा मधली विरलनं घेऊन पुन्हा लावावी. दुसरा मार्ग बरा. दर खेपेला पोटॅशियम डायक्रोमेटची, म्हणजे परिणाम आधीच माहीत असलेल्या विषाची, संदर्भ चाचणी लावणं खर्चिक वाटतं, पण अंड्यांची प्रत्येक नवी बॅच आली की ती लावल्याशिवाय नमुन्यांना हात लावू नये.

मेली, पण कशानं?

किटचा मोठा दोष हाच : ते मृत्यू मोजतं, कारण सांगत नाही. आणि हिरव्या पाण्यात मरण्याची कारणं पुष्कळ.

पीएच पहिलं. तवंग दुपारच्या उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि पीएच ९.५-१० पर्यंत सहज चढतो. त्यात अमोनिया असेल तर दुहेरी मार. २५ अंशांवर पीएच ८ला एकूण अमोनियापैकी साधारण ५ टक्केच विषारी मुक्त रूपात असतो, पीएच ९ला तो ३६ टक्क्यांवर जातो. ज्या तलावात शहराचं सांडपाणी येतं, तिथे अमोनिया मोजल्याशिवाय पिल्लांच्या मृत्यूचा अर्थ लावूच नये. उपाय : एक मालिका नमुना आहे तशी, दुसरी विरल हायड्रोक्लोरिक आम्लानं पीएच ७.८वर आणून. दोन्हींत सारखी मेली तर संशय विषावर पक्का होतो.

दुसरं कारण आपल्याकडे जास्त लागू आहे : मोरचूद. तवंग घालवायला तलावात मोरचूद टाकतात आणि कवचधारी प्राण्यांना तांबं अतिशय कमी प्रमाणात मारतं. नमुना घेण्याआधी पाण्यात काय टाकलं, हे तिथल्या कर्मचाऱ्याला विचारावंच. शंका असेल तर थोडं ईडीटीए घातलेली मालिका लावावी. ईडीटीए तांबं बांधून ठेवतं. त्यानं पिल्लं वाचली तर दोष धातूचा. ईडीटीए जास्त झालं तर ते कॅल्शियमही ओढतं, म्हणून स्वच्छ पाण्यात तेवढंच ईडीटीए घातलेला कंट्रोल हवा. मोरचूद टाकण्याचा दुसरा धोका असा की पेशी एकदम फुटून विष पाण्यात येतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या पाम आयलंडवर १९७९ साली सॉलोमन धरणात असंच मोरचूद टाकल्यानंतर १४८ जण आजारी पडले, त्यांतली १३८ मुलं. पुढे त्या प्रकरणातलं विष सिलिंड्रोस्पर्मोप्सिन म्हणून ओळखलं गेलं. मोरचुदानंतर घेतलेल्या नमुन्यात दोन्ही कारणं एकत्र असू शकतात.

क्लोरिन असलेल्या पाण्यात क्लोरिन मारायला सोडियम थायोसल्फेट घालायचं, हे वेगळं सांगायला नको.

सेंद्रिय रेणू धरून ठेवणारं सी१८ कार्ट्रिजही उपयोगी आहे. अर्क त्यातून सोडला की मायक्रोसिस्टिन आणि तसले पेप्टाइड अडकतात, अमोनिया मात्र पार होतो. आधी मारणारा अर्क कार्ट्रिजनंतर निरुपद्रवी झाला तर चित्र बरंच स्पष्ट होतं. सॅक्सिटॉक्सिन आणि सिलिंड्रोस्पर्मोप्सिन ही सायनोबॅक्टेरियाची दुसरी विषं सी१८वर नीट अडकत नाहीत, हे ध्यानात ठेवून.

किटला न दिसणारं

सिलिंड्रोस्पर्मोप्सिन प्रथिननिर्मिती थांबवतं आणि सावकाश मारतं. चोवीस तासांच्या खिडकीत त्याचा पूर्ण परिणाम दिसेलच असं नाही. अ‍ॅनाटॉक्सिन-ए हे सायनोबॅक्टेरियाचं आणखी एक विष ऊन आणि अल्कधर्मी पाण्यात झपाट्यानं विघटित होतं, त्यामुळे दुपारी भरलेली साधी बाटली उन्हात गाडीत राहिली तर चाचणीपर्यंत ते उरतच नाही.

याहून मोठी मर्यादा वेगळी आहे. तलावातला डॅफ्निया सहसा विषानं एका रात्रीत मरत नाही. मायक्रोसिस्टिसची चव लागली की तो गाळणं कमी करतो, म्हणजे उपाशी राहतो. तंतुमय सायनोबॅक्टेरिया त्याच्या गाळणीत अडकतात आणि तो ते पोटाच्या टोकावरच्या नखीनं खरवडून टाकत बसतो. सायनोबॅक्टेरियात स्टेरॉल जवळपास नसतात, लांब साखळीची बहुअसंतृप्त मेदाम्लंही नसतात. पोट भरलं तरी वाढ खुंटते आणि अंडी कमी होतात. हे सगळं पाहायचं तर ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २११ क्रमांकाची, २१ दिवसांची प्रजनन चाचणी लागते, आणि त्यासाठी डॅफ्निया पाळावेच लागतात. किटवाला प्राणी शिवाय स्थानिक नाही. जर्मनी-स्वित्झर्लंड सीमेवरच्या कॉन्स्टन्स तलावाच्या गाळातून जुनी अंडी काढून उबवल्यावर हेअरस्टन आणि सहकाऱ्यांना १९९९मध्ये दिसलं की पाणी दूषित होऊन सायनोबॅक्टेरिया वाढल्यानंतरच्या काळातले डॅफ्निया गॅलिएटा आधीच्यांपेक्षा विषारी अन्नाला जास्त सरावलेले होते. रंकाळ्यातल्या किंवा उजनीतल्या प्राण्यांवर काय गुदरतंय ते थॅम्नोसेफॅलस सांगणार नाही. तो एक प्रमाणित मापदंड आहे, आणि तेवढाच मानावा.

शेजारच्या पर्यायांत

पिण्याच्या पाण्यासाठी अ‍ॅडा या मायक्रोसिस्टिनमधल्या अमिनो आम्लावर बेतलेलं एलायझा घ्यावं. त्याची प्रमाण द्रावणं लिटरला ०.१५ ते ५ मायक्रोग्रॅमची असतात आणि अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची ५४६ क्रमांकाची पद्धत याच तत्त्वावर आहे. ऑगस्ट २०१४मध्ये ओहायोतल्या टोलेडो शहराला नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं, ते शुद्ध केलेल्या पाण्यात मायक्रोसिस्टिन १ मायक्रोग्रॅमच्या वर गेल्यामुळे. तसल्या पाण्यात थॅम्नोसेफॅलसची पिल्लं निवांत पोहली असती.

डॅफ्टॉक्सकिट सांडपाण्याच्या कामासाठी घ्यावं, आणि मग तवंगही त्यावरच तपासायचा मोह टाळावा. त्याची उबवणी २० ते २२ अंशांवर ६००० लक्सखाली तीन दिवस चालते, खळग्यात १० मिलिलिटर पाणी आणि पाच पिल्लं, चार खळगे दर विरलनाला, निकाल २४ आणि ४८ तासांनी. हलवून १५ सेकंदांत पोहलं नाही ते निश्चल. उन्हाळ्यात २० अंश राखणं २५पेक्षा महाग पडतं. त्यात एक गंमत आहे : चाचणीआधी पिल्लांना दोन तास जे खाऊ घालतात ती स्पिरुलिनाची भुकटी, म्हणजे सायनोबॅक्टेरियाच, लोणारच्या खाऱ्या पाण्यात वाढणारे तेच. सगळे सायनोबॅक्टेरिया विषारी नसतात याचा पुरावा किटच्या पेटीतच मिळतो. रोटॉक्सकिट या कामासाठी घेऊ नये. त्यातला ब्रॅकिओनस हा सूक्ष्म प्राणी सहनशील निघतो.

कुणी घ्यावं? वर्षभरात तवंगाचे नमुने येत राहतात, एलायझाची सोय आधीच आहे आणि ‘हा तवंग मासेपालनाच्या तळ्यात वाहून गेला तर?’ अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं आहे, अशा प्रयोगशाळेनं जरूर. महाविद्यालयाच्या पदव्युत्तर प्रकल्पांनाही छान, कारण प्राणी पाळायची कटकट नाही. फक्त एकच किट घेण्याइतका निधी असेल तर एलायझा आधी.

कोटेशन मागताना अंड्यांच्या नळ्यांची मुदत लेखी मागावी आणि माल हातात पडेल त्या तारखेपासून किती महिने उरतील ते विचारावं. अंडी ५ अंशांच्या आसपास, अंधारात ठेवायची, फ्रीजरमध्ये नाही. मार्च ते मे या काळात पार्सल विमानतळावर पडून राहणार नाही अशी व्यवस्था करावी, किंवा मागणी हिवाळ्यात नोंदवावी. नळ्या वेगळ्या मिळतात. प्लेट आणि क्षारांची गरज नसेल तर पूर्ण संच पुन्हा घेऊ नये.

विल्हेवाटीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. चाचणीच्या प्लेटमधल्या अर्काला उकळून उपयोग नाही, मायक्रोसिस्टिन उष्णतेला दाद देत नाही. त्यात सोडियम हायपोक्लोराइट घालून अर्धा तास ठेवावं. उबवणीच्या डिशमधल्या न फुटलेल्या अंड्यांना मात्र हायपोक्लोराइट पुरेल असं धरू नये. आर्टेमिया या अशीच सुप्त अंडी घालणाऱ्या प्राण्याच्या अंड्यांचं बाहेरचं कवच उतरवून ती उबवायला सोपी करण्यासाठी तेच रसायन वापरतात. ही डिश १२१ अंशांवर ऑटोक्लेव्हमध्ये जायला हवी, आणि हायपोक्लोराइट घातलेला एकही थेंब त्या ऑटोक्लेव्हमध्ये जाता कामा नये. उत्तर अमेरिकेतला हा प्राणी बेसिनमधून आपल्या डबक्यांत पोचवायचा नाही.